टॉर्च (शक्य असल्यास)



दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत सहलीचं वारं सुरू होतं. कुठं जायचं, किती पैसे गोळा करायचे, गाडी किती वाजता, डबा आणायला सांगायचा की जेवण बाहेर, यावर स्टाफरूममध्ये आठ-दहा दिवस चर्चा चालते. मग पालकांसाठी सूचनापत्र निघतं. ते दरवर्षी नव्यानं कुणी लिहीत नाही. मागच्या वर्षीचं काढायचं, तारीख बदलायची आणि झेरॉक्स मारायच्या. शेवटी सोबत आणायच्या वस्तूंची यादी असते. पाण्याची बाटली, स्वेटर, टोपी, कोरडा खाऊ, उलटीची गोळी, प्लास्टिकची पिशवी आणि सगळ्यात खाली 'टॉर्च (शक्य असल्यास)'.

आज या शेवटच्या ओळीवर लिहिते आहे. म्हणाल, बाईंना दुसरा विषय मिळाला नाही का? अध्ययन निष्पत्ती, निपुण भारत, चाचण्या एवढं सगळं पडलेलं असताना टॉर्च? पण माझं मत सांगून टाकते. ही ओळ पालकांच्या यादीतून काढावी आणि शाळेच्या यादीत सगळ्यात वर लिहावी. टॉर्च शाळेनं घ्यायची, मोजक्या घ्यायच्या, मुलांकडून तपासून घ्यायच्या. आणि मोबाईलला टॉर्च म्हणून मोजायचं नाही.

असं का म्हणते, त्यामागं एक प्रसंग आहे. काही वर्षांपूर्वीचा. तेव्हा मी ज्या शाळेत होते तिथली पाचवी ते सातवीची सहल कोकणात गेली होती. पहाटे चारला निघालो, समुद्र बघितला, मुलं मनसोक्त भिजली आणि संध्याकाळी परत फिरलो. डिसेंबर महिना, सहाला अंधार पडायला लागलेला. साखरपा मागं टाकलं, आंबा घाट चढायला लागलो आणि साडेसातच्या सुमाराला गाडी बंद पडली. ड्रायव्हरकाकांनी बरीच खटपट केली, पण चालू होईना. दुसरी गाडी येईपर्यंत सव्वादोन तास गेले.

मुलं अठ्ठेचाळीस आणि शिक्षक चार. चार मोबाईल होते, पण दिवसभर फोटो आणि व्हिडिओ काढून झालेले. एक बंद पडलेला, दुसरा सहा टक्क्यांवर. उरलेले दोन रेंज शोधून शोधून तापलेले. ते फोन करायला राखून ठेवायचे की उजेडाला वापरायचे, यावरच आमची कुजबूज चालली होती. बॅटरी वाचवायची म्हणून गाडीतले दिवेही काकांनी बंद केले. खाली घाटाचा रस्ता, एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला झाडी. येणारे ट्रक वळणावर अगदी जवळ येईपर्यंत दिसत नव्हते. मुलांना खाली उतरू द्यायचं नाही, असं ठरवलं आणि ते बरोबरच होतं.

पण दुपारपासून मुलींना लघवीला जायला मिळालेलं नव्हतं. मुलं कशीही करतात, दारातून उतरून गाडीच्या मागं जाऊन येतात. मुली बोलत नाहीत. अंधारात कुठं नेणार, म्हणून मीही 'थोडं थांबा गं, गाडी येईलच आता' म्हणत राहिले. तासाभरानं पाचवीतली एक मुलगी रडायला लागली. जवळ जाऊन बघितलं, तर तिचा ड्रेस ओला झाला होता. आजूबाजूच्या मुलांना कळलं. पुढचं सांगायला नको. त्यानंतर ती तीन दिवस शाळेत आली नाही. आई भेटायला आली तेव्हा म्हणाली, "तिला जरा बरं नव्हतं, बाई." मी काय बोलणार?

त्या रात्री आम्हाला उजेड मिळाला तो एका मुलाच्या पिशवीतून. पाचवीतलाच, शेतकऱ्याच्या घरचा. आजोबांची तीन जाड्या सेलची स्टीलची बॅटरी त्यानं टॉवेलात गुंडाळून आणली होती. सकाळी गाडीत ती बाहेर काढली तेव्हा पोरांनी 'ए रखवालदार' म्हणून त्याला चिडवलं होतं, म्हणून ती परत तळाशी गेली होती. मुलगी रडायला लागल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, माझ्याकडं बॅटरी हाय. आज्जा म्हणला, घिऊन जा, पन सारखं बटन दाबू नगंस." त्या बॅटरीवर आम्ही चार-चार मुलींना उतरवून, एका शिक्षिकेला पुढं आणि एकीला मागं ठेवून आडोशाला नेऊन आणलं. नऊ फेऱ्या झाल्या. गाडी बंद पडली यात कुणाचा दोष नव्हता. पण चार मोठ्या माणसांकडं मिळून एक टॉर्च नव्हती आणि अकरा वर्षांच्या पोराकडं होती, हा दोष आमचाच होता.

त्या आजोबांनी बॅटरी का दिली असेल, हे आपल्या भागात समजावून सांगावं लागत नाही. वारणेच्या खोऱ्यात ऊस आहे, आणि शेतीची लाईट पाळीपाळीनं दिवसा नाहीतर रात्री येते. रात्रीची लाईट असली की माणूस मध्यरात्री उठून पाणी पाजायला, दारं धरायला जातो. चिखलात पाय, दोन्ही बाजूला डोक्याच्या वर गेलेला ऊस आणि बांधावर काय असेल ते सांगता येत नाही. घोणस असते, मण्यार असते. मण्यार तर रात्रीच बाहेर पडते. म्हणून आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना टॉर्चबद्दल जे कळतं ते दुकानदाराला कळत नाही. बॅटरी लांब मारायची नसते, पायापुढं मारायची, हे त्यांचं पहिलं वाक्य. बटण ओल्या हातानं दाबता आलं पाहिजे. पडली तर विझता कामा नये. आणि सेल गावातल्या दुकानात मिळाला पाहिजे. एवढंच बघतात. आम्ही डी.एड. झालेली माणसं 'शक्य असल्यास' लिहून मोकळे होतो.

(जाता जाता : आपल्याकडं टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, त्यामुळं पुस्तकातली 'बॅटरी म्हणजे एकापेक्षा जास्त विद्युतघटांची जोडणी' ही व्याख्या मुलांना काही केल्या पटत नाही. 'मग बॅटरीत बॅटरी असती काय?' असं एकानं विचारलं होतं. बरोबरच होतं की त्याचं.)

आता पहिला आक्षेप घेते, जो दरवर्षी स्टाफरूममध्ये ऐकते. "मोबाईल आहे की सगळ्यांकडं." मोबाईलच्या मागचा दिवा जवळचं बघायला चांगला असतो. पिशवीत काही शोधायचं, कुलूप उघडायचं, ठीक आहे. पण त्याच्यामागं रिफ्लेक्टर नसतो, त्यामुळं उजेड पसरतो, पुढं जात नाही. दहा पावलांवर मुलगा उभा आहे की दगड, ते कळत नाही. शिवाय मोबाईल हातात धरून टॉर्च लावली की त्याच मोबाईलवर फोन करणं, फोन घेणं अवघड होतं. आणि घाटात रेंज शोधण्यात चार्जिंग आधीच उतरत असतं. ज्या वेळी उजेड सगळ्यात जास्त लागतो, त्याच वेळी फोनही सगळ्यात जास्त लागतो. दोन्ही कामं एकाच वस्तूवर टाकायची, हे मला पटत नाही. पॉवर बँक न्यावीच. पण ती फोनसाठी.

दुसरा आक्षेप पालकांकडून येतो. "मग प्रत्येकाला एकेक आणायला सांगा की, दोनशे रुपयांचा तर प्रश्न आहे." मी हेही करून बघितलं आहे. एका वर्षी 'शक्य असल्यास' खोडून 'आवश्यक' लिहिलं. काय झालं सांगते. चाळीस मुलांनी चाळीस तऱ्हेच्या टॉर्च आणल्या. गाडी पहाटे सुटली, कोल्हापूर यायच्या आत सगळ्या टॉर्च लागल्या. एकमेकांच्या डोळ्यांत, छतावर, ड्रायव्हरकाकांच्या आरशात. काकांनी गाडी थांबवून दम दिला. दोघांनी लेसर आणले होते, तो हिरवा ठिपका दुसऱ्याच्या डोळ्यात गेला तर नजरेला कायमची इजा होऊ शकते, हे त्यांच्या घरच्यांनाही माहीत नव्हतं. अंधार पडेपर्यंत निम्म्या टॉर्चचे सेल संपले होते. आणि त्यात एका मुलाकडं ऑनलाईन मागवलेली दीड हजारांची टॉर्च, तर दुसऱ्याकडं वीस रुपयांची किचेनची. सहलीत सगळे एकाच गणवेशात असावेत असा आपण आग्रह धरतो आणि मग यादीतल्या एका ओळीनं कोणाच्या घरी किती पैसा आहे ते उघडं करतो. दोनशे रुपये म्हणजे काय, हे सहलीचे पैसे तीन हप्त्यांत भरणाऱ्या पालकाला विचारावं.

किचेनवरून आठवलं. हा मुद्दा पालकांनी दोनदा वाचावा. त्या छोट्या टॉर्चमध्ये, खेळण्यांमध्ये, लुकलुकणाऱ्या चपलांमध्ये बटणासारखा चपटा सेल असतो. लहान मुलानं तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. सेल संपलेला वाटत असला तरीही. असं झाल्याची नुसती शंका आली, तरी घरी उपाय करत न बसता थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं, तिथं एक्स-रे निघाला पाहिजे. पहिली-दुसरीच्या मुलांच्या हातात बटण-सेलची टॉर्च देऊच नये, सहलीला तर नाहीच.

तर शाळेनं टॉर्च घ्यायच्या. कुठल्या? इथं मला सगळ्यात जास्त मजा आली, कारण हे मी एकटीनं ठरवलं नाही. सहावीच्या सामान्य विज्ञानात 'प्रकाश व छायानिर्मिती' हा पाठ आहे. तो शिकवताना मी मुलांना म्हटलं, सहलीसाठी टॉर्च निवडायची आहे, तुम्ही परीक्षा घ्या. घरून आणि ओळखीच्या दुकानातून सात टॉर्च गोळा केल्या. तांदळाची पोती ठेवायच्या खोलीच्या खिडक्या बारदानानं झाकल्या आणि अंधार केला.

परीक्षेचे प्रश्न मुलांनीच काढले. जमिनीवर टाकलेला खोडरबर किती वेळात सापडतो? तीन पावलांवरचं पाढ्यांचं कार्ड वाचता येतं का? ओल्या हातानं बटण दाबता येतं का? कमरेइतक्या उंचीवरून पडली तर चालू राहते का? अंधारात सेल बदलता येतो का? हा शेवटचा प्रश्न एका मुलीचा. माझ्या डोक्यात तो आला नव्हता.

निकाल असा लागला की दुकानदारानं ज्या टॉर्चचं सगळ्यात जास्त कौतुक केलं होतं ती पहिल्याच प्रश्नात नापास झाली. तिचा झोत इतका बारीक आणि इतका झगझगीत, की भिंतीवर एक पांढरा गोळा दिसायचा आणि त्याच्या बाजूला ठार अंधार. खोडरबर त्या गोळ्याच्या वीतभर बाहेर पडला होता, तरी कुणाला दिसेना. शेजारची साधी, पसरट उजेडाची टॉर्च घेतली तर लगेच सापडला. मुलांनी वहीत लिहिलं : 'जास्त उजेड म्हणजे जास्त दिसतं असं नाही.' मी हेच वाक्य फळ्यावर लिहून शिकवलं असतं, तर कुणाच्या लक्षात राहिलं नसतं.

खोक्यावर लिहिलेल्या आकड्यांचंही असंच. 'झोत २०० मीटर' असं असतं. टॉर्च मोजण्याचं एफएल-१ नावाचं एक अमेरिकन मानक २००९ पासून आहे, आणि चांगल्या कंपन्या त्यानुसार आकडे देतात. त्यात २०० मीटरचा अर्थ असा की तेवढ्या अंतरावर पाव लक्स उजेड पडतो. पाव लक्स म्हणजे साधारण स्वच्छ पौर्णिमेचं चांदणं. म्हणजे २०० मीटरवरचा माणूस ओळखू येतो असं नव्हे, तिथं चांदण्याएवढा उजेड पोचतो, एवढंच. आणि दुप्पट लांब न्यायचा तर उजेड चौपट लागतो, त्यामुळं मीटरच्या मागं लागलं की सेल भराभर संपतात. आपल्याला मुलं सांभाळायची आहेत, डोंगरापलीकडं इशारा द्यायचा नाही.

किती तास चालते, हा आकडाही त्याच मानकात गमतीशीर आहे. सुरुवातीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंत ती 'चालू' धरतात. आम्ही एक टॉर्च शुक्रवारी शाळा भरताना लावून ठेवली. शनिवारी सकाळी बघितलं तर जळत होती. मुलं टाळ्या वाजवायला लागली. मग त्या उजेडात पाढ्यांचं कार्ड धरलं, तर वाचता येईना. 'बाई, ही पास का नापास?' यावर वर्गात दहा मिनिटं भांडण झालं आणि मी ते मिटवलं नाही.

सेलचा विषय दुकानदार टाळतात आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. पिनेनं भिंतीत लावून चार्ज करायची टॉर्च आपल्याकडं घरोघरी असते. घरात लाईट गेली तर ठीक. पण तिच्यातली जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरते, आणि महिनोन्महिने उतरलेलीच राहिली तर कायमची जाते. शाळेचं कपाट म्हणजे वस्तू अकरा महिने पडून राहायची जागा. तिथं ही टॉर्च चालणार नाही. यूएसबीवरची लिथियमची चांगली असते, वजनाला हलकी असते. पण घाटात संपली की संपली. बदलायला सेल नाही, कारण आतला सेल आपल्या दुकानात मिळत नाही. जाड्या सेलच्या बॅटरीवर माझा जीव आहे, पण एक सेल शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि पाचवीच्या मुलीला ती एका हातानं धरून दुसऱ्या हातानं मैत्रिणीचा हात धरता येत नाही. म्हणून दोन पेन्सिल सेलची एलईडी टॉर्च. पेन्सिल सेल कोडोलीत मिळतो, मलकापुरात मिळतो, कोकणातल्या चहाच्या टपरीशेजारच्या दुकानातही मिळतो. अल्कलाईन घ्यावा. स्वस्तातला साधा सेल टॉर्चमध्ये विसरला की गळतो आणि आतली पट्टी खातो. अल्कलाईनही गळू शकतो, म्हणून विसरायचा कुठलाच नाही.

सगळ्या टॉर्च एकाच प्रकारच्या घ्यायच्या. मग एकीचा सेल दुसरीला चालतो, एकीचं झाकण तुटलं तर दुसरीचं लावता येतं, आणि मुलांना एकच बटण शिकवावं लागतं. तीन वेळा दाबलं की लुकलुकते, पाच वेळा दाबलं की आणखी काही, असल्या टॉर्च नकोत. एकदा दाबलं लागली, एकदा दाबलं विझली. घाबरलेल्या मुलाला एवढंच जमतं. घाबरलेल्या बाईंनाही.

आमचा हिशोब असा झाला. अठ्ठेचाळीस मुलं, आठाचे सहा गट, प्रत्येक गटाला एक टॉर्च. एक जास्तीची. रांगेत पुढं आणि मागं चालणाऱ्या शिक्षकांना डोक्याला बांधायचे दोन हेडलॅम्प, कारण शिक्षकाला दोन्ही हात मोकळे लागतात. हेडलॅम्पला छोटे, रिमोटचे सेल लागतात, त्यामुळं 'एकच सेल' हा आमचा नियम तिथं मोडला. मनाला लागलं, पण दुसरा उपाय मिळाला नाही. दोन वेगळ्या डब्या करून त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. पावसाचे शिंतोडे सहन करणारी म्हणून खोक्यावर 'आयपीएक्स ४' असं लिहिलेलं असतं, तेवढं बघितलं. खर्च शाळेनं आणि दोन माजी विद्यार्थ्यांनी मिळून केला. एकदाच करायचा आहे.

गटात टॉर्च कुणाकडं? मुलांनी त्याला 'मशालजी' नाव दिलं. मशालजी रोज पाढे म्हणणाऱ्यासारखा हुशारच असावा, असं काही नाही. आमच्याकडं सहापैकी चार मुली आहेत, आणि त्या मी मुद्दाम निवडल्या, हे लपवत नाही. टॉर्च जिच्या हातात आहे तिला अंधारात परवानगी मागावी लागत नाही.

मशालजीचे धडे वर्गातच झाले. डोळ्यांत टॉर्च मारायची नाही, हा पहिला. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका झोतात ती सगळी मेहनत वाया जाते. पिशवीत टॉर्च आपोआप लागू नये म्हणून सेल आणि पट्टीच्या मध्ये कागदाचा तुकडा सरकवून ठेवायचा, हा दुसरा. विद्युत परिपथ तुटला म्हणजे काय, हे त्या कागदानं जेवढं कळलं तेवढं आकृतीनं कळलं नव्हतं. डोळे मिटून सेल बदलणं हा तिसरा. सेलच्या टोकाची टिकली बोटाला लागते ती बाजू अधिकची. पहिल्या दिवशी एका गटाला चार मिनिटं लागली, कारण स्प्रिंग बाहेर पडून पोत्यामागं गेली. आता सगळे मिनिटाच्या आत बदलतात. आणि उभ्या टॉर्चवर पाण्यानं भरलेली पारदर्शक बाटली ठेवली की तिचा कंदील होतो, उजेड सगळीकडं पसरतो. मुक्कामाच्या खोलीत मधोमध ठेवायला हे फार उपयोगी आहे.

"आमची सहल दिवसाची असते, जवळच पन्हाळ्याला जातो, आम्हाला कशाला?" असं काही शाळा म्हणतील. पन्हाळ्यालाच तर लागते. तीन दरवाजाजवळच्या अंधारबावीचं नावच बघा. तीन मजली विहीर, आत जिने. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत पाऊल टाकलं की पहिली दोन-चार मिनिटं पायरी दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच मागची मुलं ढकलत असतात. अंबरखान्याच्या कोठारांचंही तसंच. तिथं एक टॉर्च पुढं आणि एक मागं असली की इतिहास शिकवता येतो, नाहीतर नुसतं 'सावकाश, सावकाश' ओरडत राहावं लागतं.

पन्हाळ्याचं नाव निघालं म्हणून आणखी एक सांगते. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडं निघाले ती १२ जुलै १६६० ची रात्र आषाढ पौर्णिमेची होती. पौर्णिमा, पण पावसाळ्याची. चंद्र असून ढगांआड. दरवर्षी जुलैमध्ये त्या वाटेनं शेकडो माणसं पावनखिंडीपर्यंत चालत जातात. पन्नासेक किलोमीटर. मी एकदा गेले आहे. मसाई पठारावर धुक्यात आमच्यातल्या एका सरांनी मोठ्या दिमाखात डोक्यावरचा हेडलॅम्प लावला आणि आमच्यापुढं पांढरी भिंत उभी राहिली. धुक्याचे थेंब उजेड परत डोळ्यांकडंच फेकतात. बरोबरच्या एका गावकऱ्यानं तो हेडलॅम्प काढायला लावला आणि गुडघ्याजवळ हातात धरायला सांगितला. लगेच वाट दिसली. पायापुढं मारायची, तेच ते.

तेव्हापासून सहलीची तारीख ठरवताना मी कॅलेंडरवर सुट्ट्यांबरोबर तिथीही बघते. डिसेंबर-जानेवारीत आकाश स्वच्छ असतं. पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस अलीकडची तारीख घेतली तर संध्याकाळी अंधार पडायच्या आधीच चंद्र वर आलेला असतो आणि परतीचा प्रवास चांदण्यात होतो. चांदण्याचा उजेड फुकट, सेल न लागणारा. मुख्याध्यापक सर आधी हसले. या वर्षी त्यांनीच दिनदर्शिका मागवली.

यंदाच्या सूचनापत्रात यादीतली शेवटची ओळ बदलली आहे : 'टॉर्च, लेसर आणू नये. शाळेने घेतल्या आहेत.' पत्र वाटल्यावर दुसऱ्या दिवशी एका मुलानं विचारलं, "बाई, आज्ज्याची जुनी बॅटरी आणली तर चालंल का?" मी म्हटलं, चालेल, पण ती माझ्या पिशवीत राहील. मुलांना नियम सांगितला आणि लगेच मोडला, हे बरोबर की चूक, यावर इतर शिक्षकांचं मत ऐकायला आवडेल. मला तरी त्या आजोबांना नाही म्हणणं जमलं नसतं.

सहलीहून आलं की सगळे सेल काढून ठेवायचे, टॉर्च पुसायच्या, आणि दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मशालजींनी सेल घालून लावून बघायच्या, असं ठरलं आहे. टॉर्चचा डबा ऑफिसच्या कुलपात ठेवलेला नाही. सहावीच्या वर्गात, मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीच्या फळीवर आहे.